एवेलियो मास्तरांनी ग्रिल काढलं

एवेलियो मास्तरांना खोटं बोलायचा सराव नव्हता. मेदेयीनच्या एका सरकारी शाळेत त्यांनी सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली होती. शहराच्या अगदी वाईट वर्षांत, बाहेर गोळ्या झडत असताना, ते आत फळ्यावर 'आदर्श नागरिकाची कर्तव्ये' लिहीत आणि मुलांना बाकांखाली बसूनच वहीत उतरवून घ्यायला सांगत. असा माणूस खोटं बोलतो तेव्हा फार मोठं बोलतो, कारण लहान कसं बोलायचं हे त्याला ठाऊक नसतं.

त्या रविवारी ते चर्चमधून नुकतेच आले होते आणि न्यू जर्सीला असलेल्या थोरल्या बहिणीशी, फाबिओलाशी, फोनवर बोलत होते. विषय नेहमीचाच होता, शहर किती सुधारलंय हा.

"केबलकार आता डोक्यावरून जाते आपल्या! वाचनालय झालं, बाग झाली. परवा एक जर्मन बाई गल्लीत एकटी फिरत होती. गळ्यात एवढा मोठा कॅमेरा."

"परत गेली का, कॅमेऱ्यासकट?"

"फाबिओला, तू अजून एक्याण्णव सालातच आहेस."

"एक्याण्णव सालीच निघाले ना मी. पुढचं कुठं पाहिलंय? बरं, ते केबलकारचं राहू दे. आपल्या पुढच्या खिडकीला ग्रिल आहे का रे अजून?"

ग्रिल होतं. मास्तर त्या वेळी त्यालाच टेकून उभे होते. त्यांच्या आईने वाईट दिवसांत गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतलेलं, अंगठ्याएवढ्या गजांचं, रणगाडा अडवेल असं ते ग्रिल होतं.

"ग्रिल?" मास्तर म्हणाले. "कधीच काढलं!"



"मग मी येते," फाबिओला म्हणाली. "मुलं आपापल्या संसारात आहेत, मी इथं एकटी बर्फ लोटत बसते. त्या खोलीत, ग्रिल नसताना, मला झोप लागली ना, तर इथलं घर विकते आणि कायमची परत येते. नाही लागली, तर पुन्हा मला केबलकार ऐकवायची नाही."

बापामागे फाबिओलानेच त्यांना वाढवलं होतं, शाळेत पोचवलं होतं, आणि गणितात नापास झाल्यावर त्यांच्या वतीने आईचा मारही खाल्ला होता. ती यावी म्हणून तर ते इतकी वर्षं शहराची जाहिरात करत होते. फोन ठेवून ते वळले, तर दारात बायको उभी. नुबियाच्या हातात डाव होता.

"काय कधीच काढलं म्हणालात?"

"ग्रिल."

"हे?" तिने डावाने गजावर टोला दिला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत घुमला.

"काढू की! वेल्डर बोलवायचा. तासाभराचं काम."

नुबियाने डाव खाली घेतला. 'तासाभराचं काम' हे शब्द तिने यापूर्वीही ऐकले होते. घरातलं न्हाणीघर त्या शब्दांनंतर पावसाळाभर उघड्यावर होतं.

मास्तरांची गल्ली मानरिके वस्तीच्या चढावर आहे. वरच्या टोकाला बसचा रस्ता, आणि खालचा अर्धा भाग म्हणजे नुसत्या पायऱ्या. टॅक्सी खालीच थांबते. या पायऱ्या महापालिकेने बांधलेल्या नाहीत. मास्तरांच्या लहानपणी गल्लीनेच त्या बांधल्या. गल्लीने गल्लीसाठी राबायचं आणि काम उरकेपर्यंत रस्त्यातच सांकोचो या घट्ट सुपाचं पातेलं उकळत ठेवायचं, याला इथे कोन्विते म्हणतात. पायऱ्या जिथे संपतात तिथेच मास्तरांची खिडकी. त्यामुळे खालून येणारा प्रत्येकजण तिथे पोचला की ग्रिल धरतो, दम खातो, आणि दम खाता खाता आत डोकावून "काय शिजतंय?" असं विचारतो.

ग्रिल निघणार ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली, आणि सल्ले यायला लागले. पहिला मान हिल्दार्दोचा, कारण तो दुकानदार आणि शिवाय गल्लीच्या समितीचा अध्यक्ष. त्याचं दुकान वरपासून खालपर्यंत गजांनी बंद आहे. गिऱ्हाइकाने बाहेरून बोट दाखवायचं, त्याने आतून वस्तू सरकवायची. अंड्यांचा ट्रे गजांतून जात नाही म्हणून तो अंडी एकेक करून देतो.

"काढा, मास्तर, बिनधास्त काढा!" तो गजांमागून म्हणाला. "मी तर म्हणतो, उशीरच केलात. आपली गल्ली म्हणजे आता स्वित्झर्लंड."

"मग तुम्ही का नाही काढत?"

"माझं वेगळं आहे. माझ्याकडे माल आहे."

यात आपल्या घराविषयी काही बोललं गेलं आहे, हे मास्तरांच्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

बाकीच्यांनीही हात आखडता घेतला नाही. कोणी म्हणालं, कुत्रा पाळा. कोणी म्हणालं, ग्रिल काढलं की लोकांना वाटतं आत नेण्यासारखं काही नाही, अब्रू जाते. कोणी म्हणालं, लोकांना वाटतं आत इतकं आहे की हे ग्रिलही परवडत नाही असं सोंग करतायत. ओतिलियाआजी एकट्याच मुद्द्याचं बोलल्या. रोज प्रार्थनेहून येताना त्या खिडकीशी थांबत. एका दमात पाद्रीबाबांच्या प्रवचनावर टीका करत आणि दुसऱ्या दमात गुडघ्यावर.

"ग्रिल काढणार म्हणे तुम्ही?"

"हो, आजी. शहर बदललंय."

"शहर बदललं असेल हो, चढ तोच आहे. मी धरू काय?"

मास्तर मोठ्याने हसले. आजींनी विनोद केला असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी हिल्दार्दो स्वतः दुकानाबाहेर आला. तो फक्त अंत्ययात्रेला बाहेर येतो, म्हणून मास्तर जरा दचकलेच.

"मास्तर, एक अडचण आहे. समितीने वर दोन अर्ज केलेत. एकात म्हटलंय, गल्ली इतकी सुरक्षित आहे की पर्यटकांसाठी बाकं आणि फुलझाडं द्या. दुसऱ्यात म्हटलंय, गल्ली इतकी धोक्याची आहे की ताबडतोब दिवे आणि कॅमेरा द्या. दोन्ही अर्ज पुढे सरकतायत."

"पण दोन्हीतलं खरं काय?"

"ते वरचे ठरवतील. मधल्या काळात साहेब पाहणीला आले आणि तुमची खिडकी उघडी दिसली, तर कॅमेरा गेला. ग्रिल दिसलं तर बाकं गेली. तुम्ही असं करा. अर्धं काढा."

मास्तर अर्ध्या ग्रिलचे नागरिक नव्हते. ते रीतसर माहिती घ्यायला एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी त्यांना सांगितलं की ग्रिल काढण्याची परवानगी हवी असेल तर ग्रिल बसवल्याची परवानगी दाखवावी लागते. आईने बसवलं तेव्हा बाहेर गोळ्या चालत होत्या, कचेऱ्या बंद होत्या, असं मास्तर म्हणाले. मग कागदोपत्री तुमच्याकडे ग्रिलच नाही, बाई म्हणाल्या, आणि जे नाही ते काढायला परवानगी कशी देणार? मास्तरांना हा युक्तिवाद इतका निर्दोष वाटला की ते आभार मानून बाहेर पडले आणि बसमध्ये बसल्यावर त्यांना राग आला.

शेवटी वेल्डरच बोलवायचा ठरला. वेल्डरचं नाव वेइमार. "आत्ता येतो" असं तो सोमवारी म्हणाला आणि गुरुवारी आला. त्याने ग्रिल आतून-बाहेरून पाहिलं आणि टोपी काढली.

"काय काम आहे हो, मास्तर! असं आता कोणी करत नाही. काढू कशाला?"

"बहीण येतेय."

"हां." वेइमारने मान हलवली. "काढतो. पण परत लावायला मलाच बोलवा. माप घेऊन ठेवतो."

"परत लागणार नाही!"

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्याने खरंच माप घेतलं.

तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. आईने गज भिंतीत हातभर आत रोवून घेतले होते. ग्रिल निघालं ते खिडकीची चौकट, नावाची पाटी आणि बराचसा गिलावा घेऊन निघालं. आतली येशूची तसबीर खाली आली, तिच्यामागे नुबियाने लपवून ठेवलेला टॉफींचा डबा खाली आला आणि मास्तरांचा मधुमेह घरात कोणी किती मनावर घेतलाय हे सगळ्या गल्लीला कळलं. ग्रिल चौघांनी उचलून बाहेर फूटपाथवर भिंतीला टेकवलं.

"सोमवारी टेम्पो आणतो," वेइमार म्हणाला.

"फूटपाथवर नका ठेवू हो," नुबिया म्हणाली. "फूटपाथवर ठेवलं की कोणीही नेतं."

तिचं खरं होतं. या गल्लीत नको असलेली वस्तू माणूस फूटपाथवर ठेवतो आणि ज्याला ती हवी असेल तो उचलून नेतो. विचारायची पद्धत नाही, विचारलं तर देणाऱ्याचा अपमान होतो. हिल्दार्दोची खुर्ची, ओतिलियाआजींचा पाळणा आणि मास्तरांचं स्वतःचं पुस्तकांचं कपाट असंच घरात आलं होतं.

"एवढं लोखंड कोण उचलतंय!" मास्तर म्हणाले.

मग उघड्या खिडकीचं आयुष्य सुरू झालं. शुक्रवारी सकाळी ओतिलियाआजी पायऱ्या चढून आल्या, सवयीने हात पुढे केला, आणि गज नसल्यामुळे कंबरेपर्यंत घरात आल्या. मास्तरांच्या मांडीवरची कॉफी सोफ्यावर सांडली. आजींनी त्याच अवस्थेत, सोफ्यावर हात टेकून, प्रवचनावरची टीका पूर्ण केली. त्यांच्यामागून अवोकाडोवाला आला. त्याने अख्खी टोपली आत ठेवली आणि तो नुबियाशी घासाघीस करायला लागला. त्याच्यामागून कोणाची तरी मांजर आली. ती मात्र बोलली नाही, पण जाताना कोंबडीची तंगडी घेऊन गेली. जाता येता लोक थांबून टीव्ही बघू लागले आणि मास्तरांनी चॅनेल बदललं की नाराजी व्यक्त करू लागले.

दुपारी पर्यटकांना फिरवणारा गाइड आला. त्या ग्रिलचा एक गज वाकलेला होता. गाइड रोज त्यावर बोट ठेवून "हा गोळीचा घाव" असं सांगे आणि पर्यटक फोटो काढत. नुबियाच्या मते तो फ्रिज आत घेताना वाकला होता. मास्तरांनी या वादात कधी बाजू घेतली नव्हती. एकदा फक्त गाइड सांगत असताना त्यांच्याकडून गंभीरपणे मान हलली होती.

"ग्रिल कुठाय?" गाइड कळवळून म्हणाला. मग त्याला ते भिंतीला टेकवलेलं दिसलं. "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं! इतिहास असा फूटपाथवर टाकता?"

शनिवारी दुपारी फाबिओलाचं विमान उतरणार होतं. सकाळी नुबिया तिच्यासाठी कोंबडी आणि केळी आणायला बाजारात गेली. मास्तर अंघोळ करून, नवा सदरा घालून, बाहेर येऊन पाहतात तो फूटपाथ रिकामा.

ग्रिल चोरीला गेलं होतं.

मास्तर मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसले. गल्लीत कित्येक वर्षांत चोरी झाली नव्हती. कोणाची कोंबडीही गेली नव्हती, मांजरीने नेलेली सोडून. आणि आज, नेमकी आज, फाबिओला यायच्या दिवशी, शहराने दगा दिला होता. तिला काय सांगणार? ग्रिल कधीच काढलं हे सांगितलं होतं, म्हणजे चोरीला गेलं असं तर म्हणताच येणार नाही. पण गल्लीला कळलं की तिला कळायला वेळ लागणार नाही. तिने ऐकलं की ती पहिल्या विमानाने परत जाणार, आणि मास्तर पुन्हा रविवारी फोनवर.

एक मार्ग होता. गल्लीत कोणाशीही न बोलता पोलिसांत जायचं आणि ती यायच्या आत गुपचूप तपास लावून घ्यायचा. या योजनेतली अडचण दिसण्याइतका वेळ मास्तरांकडे नव्हता. ते वरच्या रस्त्याने बाहेर पडले, आणि ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम दूरच्या ठाण्यावर गेले. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला.

ठाण्यातल्या अंमलदाराने वर पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"मास्तर! मी येइसन! आठवी ब!"

मास्तरांनी डोळे मिटले.

"बसा ना! काय गेलं?"

"ग्रिल. खिडकीचं."

"म्हणजे ग्रिल तोडून आत शिरले."

"नाही. ग्रिल आधीच काढलेलं होतं."

"मग उघड्या खिडकीतून शिरले."

"शिरलं कोणीच नाही."

येइसनचे हात कीबोर्डवर थांबले. "मास्तर, ग्रिल कशासाठी असतं?"

"चोरी होऊ नये म्हणून."

"आणि चोरीला काय गेलं?"

"ग्रिल."

"घरातलं दुसरं काही?"

"काही नाही. टीव्ही आहे, फ्रिज आहे, खिडकी तीन दिवस उघडी आहे."

"इथे 'ग्रिल तोडून चोरी' आहे," येइसन पडद्याकडे बघत पुटपुटला. "ग्रिलची चोरी नाहीये. बरं, वस्तू कुठे होती?"

"बाहेर. फूटपाथवर."

"गुरुवारपासून?"

"गुरुवारपासून."

येइसनचा चेहरा हळूहळू उतरला. "मास्तर, सार्वजनिक फूटपाथवर बांधकामाचा माल टाकणं हा गुन्हा आहे. दंड आहे त्याला." तो खुर्चीत अवघडून हलला. "तुम्हीच शिकवलंत. 'फूटपाथ हा पादचाऱ्यांचा आहे.' मी 'फेरीवाल्यांचा' लिहिलं होतं, तर तुम्ही शून्य दिलंत."

एवढ्या वर्षांत आपलं शिकवणं कोणाच्या लक्षात राहिलंय, हे मास्तरांना आज प्रथमच कळलं. त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

"मी दंड नाही करत," येइसन म्हणाला. "पण जागा बघायलाच लागेल. चला, गाडीतूनच सोडतो."

"नको, मी बसने..."

"मास्तर! तुम्ही बसने? मी असताना?"

पोलिसांची गाडी खालच्या अंगाने आली आणि पायऱ्यांच्या तळाशी थांबली, तेव्हा तिथे एक टॅक्सी आधीच उभी होती. टॅक्सीतून दोन थोराड सुटकेस उतरल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये जाड कोट हातावर टाकून फाबिओला उभी होती. तीस-बत्तीस वर्षांनी ती आपल्या गल्लीत आली होती, आणि आपला धाकटा भाऊ पोलिसांच्या गाडीतून उतरतोय हे तिला पहिल्यांदा दिसलं.

"एवेलियो!" ती म्हणाली. "काय केलंस?"

"काही नाही, मॅडम," येइसनने अदबीने सांगितलं. "चोरी झालीय."

"याने चोरी केली?"

"यांच्याकडे झाली."

फाबिओलाने कोट छातीशी धरला. इकडे तिकडे पाहिलं. मास्तरांना तिच्या चेहऱ्यावर अख्खं एक्याण्णव साल परत आलेलं दिसलं. ती टॅक्सीवाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा थांबा."

तेवढ्यात पायऱ्यांवरून धूर आला. सोबत कोथिंबिरीचा वास, आणि ओतिलियाआजींचा आवाज.

"अहो, त्या पोरीला वाटेतच कसलं उभं करताय? वर पाठवा! आणि मास्तर कुठे तडमडले? आम्ही सकाळपासून शोधतोय!"

पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर तीन दगडांवर भलंमोठं पातेलं उकळत होतं आणि नुबिया त्यात डाव फिरवत होती. अर्धी गल्ली तिथे होती. हिल्दार्दो दुकान बंद करून आला होता, म्हणजे काम अंत्ययात्रेच्या तोडीचं होतं. आणि वेइमार काळा चष्मा लावून पायऱ्यांच्या कडेला ठिणग्या उडवत होता. त्याच्यासमोर, आडवं झोपवून, गज सुटे करून एकापुढे एक जोडून, खांबांवर पक्कं बसवून, पार शेवटच्या पायरीपर्यंत नेलेलं, मास्तरांच्या आईचं ग्रिल होतं.

"धरायला!" ओतिलियाआजी खुर्चीतून म्हणाल्या. "मी विचारलं नव्हतं, मी धरू काय म्हणून? तुम्ही हसलात. मग मला वाटलं, मास्तरांच्या डोक्यात काहीतरी आहे. गुरुवारी बघते तर फूटपाथवर ठेवलेलं!"

"फूटपाथवर ठेवलं म्हणजे गल्लीला दिलं," हिल्दार्दो म्हणाला. "माणूस असावा तर असा. पाटी पण रंगवलीय." त्याने एक पत्रा उचलून दाखवला. त्यावर लिहिलं होतं: 'एवेलियो मास्तरांकडून ज्येष्ठ नागरिकांस सप्रेम भेट'.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येइसनने मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

"कसली तक्रार?" मास्तर म्हणाले. नव्या सदऱ्याची कॉलर त्यांनी नीट केली. "मी तुला उद्घाटनाला घेऊन आलोय."

त्यांचा सराव वाढत चालला होता.

फाबिओलाने टॅक्सीवाल्याला पैसे दिले आणि ती चढायला लागली. एका हातात कोट, दुसरा हात ग्रिलवर. चढता चढता एका ठिकाणी ती थांबली. वाकलेल्या गजावर तिचा हात थबकला होता.

"हा गोळीचा घाव," मागून गाइडने तत्परतेने सांगितलं. तो पर्यटकांना घेऊन सूप प्यायला आला होता.

"गोळी कसली! माझी ट्रंक आपटली होती यावर. निघाले त्या सकाळी." फाबिओलाने गजावरून अंगठा फिरवला. "आई आतून ओरडली, 'अगं सावकाश, ग्रिल मोडशील!' तेच तिचं शेवटचं बोलणं. निदान माझ्याशी."

पर्यटकांनी फोटो काढले. मग फाबिओला भावाकडे वळली, आणि लहानपणी गणिताच्या वहीकडे पाहताना जसा तिचा चेहरा होई तसा झाला.

"कधीच काढलं म्हणाला होतास ना? आणि आजी म्हणतात गुरुवारी."

"गुरुवार म्हणजे..." मास्तर म्हणाले. "तसं पाहिलं तर..."

"सूप घ्या!" नुबिया म्हणाली, आणि तिच्याविषयी मास्तरांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं प्रेम वाटलं.

दोन वाट्या सूप, मक्याचे आरेपा आणि प्रवासाचा शीण. फाबिओला वर घरी आली, उघड्या खिडकीशी आईच्या आरामखुर्चीत "जरा टेकते" म्हणून बसली आणि बोलता बोलता तिची मान कलली. मास्तरांनी श्वास रोखला. ती झोपली होती! ग्रिल नसताना! खोलीत!

त्यापुढचा सगळा वेळ गल्लीने जे केलं ते कुठल्याही अर्जात लिहिता येणार नाही. ओतिलियाआजी पायऱ्यांच्या डोक्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून दाखवू लागल्या. अवोकाडोवाला आरोळी न देता, हातानेच अवोकाडो दाखवत गेला. वेइमारने ग्राइंडर बंद केला. खाली कोणीतरी रेडिओ लावला तर हिल्दार्दो स्वतः जाऊन तो बंद करून आला. आणि एवेलियो मास्तर, शहर सुधारलंय हे अख्ख्या जगाला ओरडून सांगणारे मास्तर, खिडकीला पाठ लावून, हातात झाडूचा दांडा घेऊन, डोळ्यांत तेल घालून बहिणीवर पहारा देत उभे राहिले.

उन्हं कलली तेव्हा फाबिओलाने डोळे उघडले.

"मला झोप लागली?"

"घोरत होतीस," मास्तर म्हणाले. झाडू त्यांनी सोफ्याखाली सरकवला.

ती खिडकीकडे बघत राहिली. समोरच्या डोंगरावर केबलकारचे डबे एकामागून एक वर जात होते. खाली पायऱ्यांवर कोणीतरी ग्रिल धरून दम खात होतं.

"बरं," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. घर विकते. येते."

मास्तरांनी तिचा कोट उचलून पुन्हा खाली ठेवला.

"फक्त एक," फाबिओला म्हणाली. "या खिडकीला ग्रिल बसव. मी काय अशी उघड्यावर राहणार आहे का?"

"अगं पण तू झोपलीस ना! आणि शहर सुधारलंय..."

"शहर सुधारलंय रे. मी कुठे सुधारलेय?"

सोमवारी मास्तर वेइमारच्या दुकानात गेले. वेइमारने कोपऱ्यातून एक नवं ग्रिल पुढे ओढलं. गज कापलेले, घासलेले, रंगाचा पहिला हात दिलेले.

"कधी केलंस?"

"गुरुवारी रात्रीच सुरू केलं. बहीण येतेय म्हणालात ना." त्याने फडक्याने गज पुसला. "या खेपेला बिजागऱ्या लावल्यात. दारासारखं उघडेल. दिवसा उघडं, संध्याकाळी बंद. आता तुम्ही म्हणाल तेव्हा काढायला भिंत पाडायला नको."

फाबिओला न्यू जर्सीचं आवरून ख्रिसमसच्या आधीच परत आली. हिल्दार्दोच्या दोन्ही अर्जांना उत्तर आलं. बाकं मंजूर झाली होती आणि कॅमेराही. कॅमेरा बाकांकडे तोंड करून बसवला. सुरुवातीला फाबिओला दिवस मावळायच्या आत ग्रिल लावून घेई आणि कडी दोनदा ओढून बघे. मग ती ओतिलियाआजींबरोबर पायऱ्यांवर बसून गप्पा मारायला लागली. मग टीव्हीवरची मालिका संपल्यावर ग्रिल लावायला लागली. आणि मग एका संध्याकाळी, आजींच्या गुडघ्यावर चर्चा रंगात आली असताना, ती घरात आली, स्वयंपाकघरात गेली आणि नुबियाबरोबर आरेपा थापत गाणं म्हणायला लागली.

खिडकीचं ग्रिल सताड उघडं होतं. ती विसरली होती.

मास्तर आरामखुर्चीत बसून ते बघत राहिले. इतक्या वर्षांचे फोन, केबलकार, वाचनालय, ती जर्मन बाई, सगळं आज वसूल झालं असं त्यांना वाटलं. बाहेर अंधारून येत होतं. दिवे लागत होते. त्यांनी बराच वेळ त्या उघड्या खिडकीचा आनंद घेतला.

मग ते उठले. स्वयंपाकघराकडे पाहिलं. गल्लीत वर पाहिलं, खाली पाहिलं. कोणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि दोन बोटांनी, अगदी अलगद, ग्रिल ओढून घेऊन कडी सरकवली.

कडी नवीन होती. तिने कर्कश आवाज केला.

"मास्तऽऽर!" पायऱ्यांवरून ओतिलियाआजींचा आवाज आला. "ऐकलं बरं का!"